पांढऱ्या पट्टीपासून दहा फूट

रस्ते खात्यातल्या त्या माणसाचे खरे नाव पगारपत्रकापुरतेच उरले होते. एरवी सगळे त्याला दहाफुटे म्हणत. रस्त्यापासून दहा फुटांच्या आत कुणाचाही प्रचारफलक दिसला की तो काढायचा आणि पलीकडच्या फलकाला हात लावायचा नाही, हे काम तो एकोणीस वर्षे करत होता. फलकाजवळ तो मागच्या बाजूने जाई, टेप लावी, अंतर खडूने पाठीवर लिही. पुढचा मजकूर वाचतच नसे. "वाचलं की हात जड तरी होतो नाहीतर हलका तरी," असे तो बायकोला सांगे. सर्व पक्षांच्या शिव्या त्याने सारख्याच खाल्ल्या होत्या, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

मतदानाला चार दिवस उरले असताना एक निवृत्त परिचारिका खात्याच्या आवारात येऊन उभी राहिली. वळणावरच्या तिच्या अंगणातला फलक त्याने सकाळीच उपटून आणला होता.

"दहाफुटे तुम्हीच ना? माझी पाटी काढलीत ती?"

"नऊ फुटांवर होती, सिस्टर. इथं कुणाचा वशिला चालत नाही."

"वशिला कोण मागतंय? नऊ फूट कुठून मोजलेत?"

"कडेपासून. डांबर संपतं तिथून."

तिने पिशवीतून नियमाचा कागद काढून त्याच्यापुढे धरला. "पाटी वाचत नाही म्हणे तुम्ही. हे तरी वाचा."

अंतर कडेच्या पांढऱ्या पट्टीपासून मोजावे, असे तिथे स्वच्छ लिहिले होते. दहाफुटे ते एके काळी जाणत होता. पण टेपचा आकडा डांबराच्या कडेला झटकन अडकतो. सपाट पट्टीवर टोक धरायला दुसरा माणूस लागतो, आणि तो तर एकटा. पूर्वी पट्टी आणि कड यांत बोटभरच अंतर होते, म्हणून भागून गेले. दोन वर्षांपूर्वी तिच्या घरापुढचा रस्ता दोन्ही अंगांनी दोन-दोन फूट रुंद झाला, पट्टी जुन्या जागी राहिली, आणि त्याचा आकडा सवयीने नव्या कडेला अडकत राहिला.

तो तडक साहेबांकडे गेला. साहेब वयाने लहान, पण खुर्ची मोठी.

"साहेब, चूक माझी. पाटी परत लावून येतो."

"त्या दवाखानेवालीची? 'दवाखाना बंद करणाऱ्यांना मत नाही' म्हणते ती पाटी. वरच्यांना झोंबलीय. राहू द्या रविवारपर्यंत. सोमवारी लावा, मीच सही करतो."

"मतदान रविवारी. सोमवारी तिचं काय, सरपण करायचं?"

"अहो, दोन वर्षांची चूक कबूल केलीत तर किती जण अंगावर येतील? झाकली मूठ झाकलेलीच बरी."

आपण पक्षपात केला नाही, एवढ्यावर दहाफुट्याने एकोणीस वर्षे मान ताठ ठेवली होती. पण सर्वांवर सारखाच अन्याय केला म्हणून त्याचा न्याय होत नाही. त्या रस्त्याकाठी दोन फूट रुंदीची एक चिंचोळी जमीन होती. तिथे माणसांना बोलण्याचा हक्क होता आणि त्याने, मनात काही नसताना, त्यांना गप्प केले होते. साहेब आता तेच मनात ठेवून करायला सांगत होते.

"मी न वाचता ठरवलं, तरी चुकलो," तो म्हणाला. "वाचून ठरवायला लागलो तर कुठं जाऊन थांबू? चूक मी लिहून देतो. पाटी लावू नका, असं तुम्ही लिहून द्या."

साहेबांनी पेन उचलले, त्याचे टोपण काढले, पुन्हा लावले.

"लिहायचं कशाला उगाच?" ते म्हणाले. "जा. लावा."

कोठारातल्या ढिगातून त्या रस्त्यावरचे आठ फुटांपुढचे सगळे फलक दहाफुट्याने वेगळे काढले. सात निघाले. टोक धरायला परिचारिका स्वतः गाडीत बसली. आधी तिचा फलक लागला. पुढच्या वळणावर त्याने दुसरा उतरवला, तशी ती कडाडली.

"ही तर दवाखाना बंद करणाऱ्यांचीच!"

"पाठीवर आठ फूट तीन इंच लिहिलंय. म्हणजे पट्टीपासून दहा फूट तीन इंच. तुमच्यासारखीच चुकीनं आली."

"यांची पाटी मी लावायची?"

"लावतो मी. तुम्ही फक्त टोक धरा."

ती बराच वेळ हाताची घडी घालून उभी राहिली. मग पुटपुटत वाकली आणि टेपचे टोक पांढऱ्या पट्टीवर अंगठ्याने घट्ट दाबले. दहाफुट्याने खांब रोवला, दोन घाव घातले.

"जरा उजवीकडे घ्या," ती म्हणाली. "वाकडी राहिली तर म्हणतील, म्हातारीनं मुद्दाम केलं."