हेवर्डांच्या तक्त्यावरची तुटक रेघ

मवालेहच्या बाजारात मी भेंडी निवडत होतो, तेव्हा हिचा फोन आला. "अहो, हेवर्डकाका गेले... सकाळीच, हॉस्पिटलमध्ये." निवडलेली भेंडी मी परत ढिगात टाकली आणि रिकामी पिशवी घेऊन गाडीत येऊन बसलो. त्याला आता दीड महिना झाला.

इथे आखातात, अल अमेरातला, आम्ही नऊ वर्षं शेजारी होतो. हेवर्ड एका कंपनीत रस्त्यांचे आराखडे काढत. पहिल्याच भेटीत मी आपल्या सवयीनं विचारलं, "हेवर्ड म्हणजे गाव कुठलं?" आडनाव कळलं की गाव विचारायचं, हे आपल्या अंगातच असतं. ते हसले. म्हणाले, गाव नाही, ते काम आहे. जुन्या इंग्लंडमध्ये शेतांच्या कुंपणांची राखण करायला गावानं नेमलेला माणूस म्हणजे हेवर्ड. उभ्या पिकात शिरलेली गुरं तो हाकलायचा, ऐकली नाहीत तर कोंडून ठेवायचा. "म्हणजे कोंडवाड्याचे कारभारी!" मी म्हणालो आणि आमचा चौगुला पाटलाच्या हाताखाली काय करायचा ते सांगितलं. दोघंही गावकामगार निघाल्यावर परकेपणा कसला राहतोय! आमच्या गल्लीत मोकाट शेळ्या फार. त्या माझ्या बोगनवेलीवर चढल्या की हा सहा फुटी गोरा माणूस झाडू घेऊन बाहेर यायचा आणि "यल्ला, यल्ला" करत त्यांना हाकलायचा. वर मला ऐकवायचा, "खानदानी नोकरी आहे, चौगुले."

त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर वंशावळीचा मोठा तक्ता होता. शिसपेन्सिलीनं, रेघ न् रेघ पट्टीनं काढलेला. दर सुट्टीत गावोगावच्या चर्चमधली दप्तरं चाळून ते वरती एखादं नाव वाढवत. खाली मात्र तो त्यांच्या मुलीशी, हेलनशी थांबायचा. हेलननं रोझ नावाची मुलगी दत्तक घेतली होती. मी एकदा विचारलं, "नातीचं नाव राहिलंय का?" तर म्हणाले, "हा तक्ता रक्ताचा आहे." हेलन त्यावरूनच दुखावली होती, फोनही कमी करायची. माणूस लाख मोलाचा, पण त्या बाबतीत दगड. मला त्यांचा तेव्हा रागच आला होता.

मग गेल्या हिवाळ्यात त्यांच्या चुलतबहिणीचं पत्र आलं. तिला दप्तरात सापडलं होतं, की यांचे पणजोबा तान्हे असताना चर्चच्या पायरीवर सापडले आणि एका हेवर्ड जोडप्यानं त्यांना वाढवलं. मी गेलो तेव्हा पणजोबांच्या वरच्या सहा पिढ्या खोडून झाल्या होत्या. खोडरबराचा चुरा अजून जमिनीवर होता.

"मी कोण आहे मग?" ते म्हणाले. "कुणाच्या तरी नावावर आयुष्य काढलं."

मी म्हणालो, "माझे आजोबा दत्तक आलेले. रक्तानं चौगुले नव्हतेच. पण श्राद्धाला आम्ही चौगुल्यांच्याच पितरांची नावं घेतो. वंशावळीत तेवढी एक रेघ तुटक काढतात. पण ती थांबवत नाहीत."

ते खाली वाकून खोडरबराचा चुरा गोळा करू लागले. मग विचारलं, "आणि त्या पितरांना चालतं?"

"अजून तरी तक्रार आलेली नाही."

ते हसले. नंतर मी तो विषय पुन्हा काढला नाही. काढायला हवा होता... दोन महिन्यांत त्यांच्या हृदयानं दगा दिला.

घर रिकामं करायला हेलन आली. तिच्याबरोबर आत शिरताना माझी नजर भिंतीकडे जाईना. पण सहाही पिढ्यांची नावं पुन्हा लिहिलेली होती, या वेळी शाईनं. पणजोबांच्या वरची रेघ तुटक. "डॅड इतके नीटनेटके," हेलन म्हणाली, "इथे हे असं का?" मी तिला आमची रीत सांगितली. ऐकता ऐकता तिची नजर सरकत तक्त्याच्या तळाशी, स्वतःच्या नावापर्यंत आली. तिथूनही एक तुटक रेघ खाली उतरली होती.

हेलन खालीच बसली. मलाही रडू आवरेना. मग तिनं डोळे पुसले, घरी फोन लावला आणि म्हणाली, "रोझ, आजोबांनी तुझं नाव लिहिलंय."