गाठ साधी होती, तरी

"गाठ साधी आहे," डॉक्टर म्हणाले. लातूरच्या दवाखान्यात एमआरआयची फिल्म उजेडाला धरून ते माझ्या उजव्या कानामागच्या पांढऱ्या डागावर पेन फिरवत होते. "कॅन्सर नाही. पण लिंबाएवढी झालीय. काढावी लागेल."

माझ्या मालकांनी तिथंच हात जोडले. 'साधी' हा एकच शब्द घेऊन आम्ही दोघं मुरुडला परत आलो.

या गाठीला 'अकॉस्टिक न्यूरोमा' म्हणतात. कानाकडून मेंदूकडं जाणाऱ्या नसेवर ती वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. मला उजव्या कानाला फोन लावला की ऐकू यायचं नाही. मी फोन बदलला. मग चालताना तोल जायला लागला. शेजारणी म्हणाल्या, अशक्तपणा असंल. मी अंगणवाडी सेविका, गावातल्या लेकरांची वजनं मी घ्यायची. स्वतःचं दुखणं मात्र वर्षभर अंगावर काढलं.

ऑपरेशन आठ तास चाललं. शुद्धीवर आले तेव्हा उजवा कान कायमचा गेला होता. चेहरा हलवणारी नस त्या गाठीला चिकटलेली होती, ती दुखावली. निम्मा चेहरा खाली उतरला. उजवा डोळा मिटेना, त्याला मलम लावून चिकटपट्टी लावायची. चहा ओठांतून गळायचा. सही घेताना डॉक्टरांनी हे सगळं सांगितलं होतं. आम्हीच नीट ऐकलं नव्हतं.

तीन महिन्यांनी कामावर गेले. तीन वर्षांची एक पोरगी मला बघून आईच्या मागं लपली आणि रडायला लागली. बडबडगीतातले प आणि ब मला म्हणता येईनात. घरी येऊन मी दार लावून घेतलं. नणंद बाहेरून म्हणाली, "वहिनी, साधीच होती ना गाठ? मग आता कशाचं रडणं?"

तिला काय सांगणार? कॅन्सर असता तर लोक हळू आवाजात बोलले असते. इथं जीव वाचला म्हणून गप्प बसायचं.

चेहऱ्याच्या व्यायामासाठी मी लातूरला मनीषा मॅडमकडं जायचे. त्या फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामानं उपचार करणाऱ्या. त्यांनी डोक्यातल्या असल्याच साध्या गाठींच्या पेशंटचा एक गट जमवला होता. एक महिना लातूरला, एक महिना नांदेडला, रविवारी दुपारी बसायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नऊ जण होते. मेंदूच्या आवरणावर गाठ आलेली एक शिंपीणबाई होती. तिला फिट्स यायच्या, त्यामुळं घरच्यांनी मशीन उचलून ठेवलं होतं. एका रिटायर तलाठ्यांना नातीचं नाव आठवायचं नाही. सगळ्यांच्या गाठी साध्याच. त्या दिवशी मी निम्म्या तोंडानं हसले आणि कुणी नजर वळवली नाही.

मी दर महिन्याला जायला लागले. नव्या माणसाला समजावून सांगायचं काम हळूहळू माझ्याकडंच आलं.

नांदेडच्या एका बैठकीला माहूरहून कविता आली. पस्तिशीची असंल. सोबत तिचा नवरा संजय होता. गडावर त्यांचं प्रसादाचं दुकान. माझीच गाठ, त्याच जागी, माझ्यापेक्षा मोठी. महिन्याभरात ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"साधी हाय म्हणले डॉक्टर," ती मला म्हणाली. "मग भ्यायचं काय काम हाय, ताई?"

मला राग आला. तिचा नाही, त्या शब्दाचा. मी तिला सगळं सांगितलं. कान जाईल. चेहरा असा होऊ शकतो, बघ, म्हणून मी तिच्यासमोर डोळा मिटून दाखवायला गेले, तो मिटला नाही. लेकरं भितात, तेही सांगितलं. मला वाटत होतं, मी हिचं भलं करतेय.

संजय उठला. "तुम्ही धीर द्यायला बसलात का भिववायला? चल गं."

त्यानंतर तिनं फोन उचलला नाही. ऑपरेशन न करताच तारीख गेली, असं मॅडमकडून कळलं. चार महिन्यांनी मॅडमचाच फोन आला. कविताला बेशुद्ध अवस्थेत नांदेडला आणलं होतं. गाठीनं मेंदूतल्या पाण्याची वाट अडवली होती. याला 'हायड्रोसेफॅलस' म्हणतात, म्हणजे डोक्यात पाणी साठून मेंदूवर दाब येतो. घाईनं नळी टाकून पाणी काढलं आणि नंतर गाठही काढली. जीव वाचला. पण दाबानं डोळ्यांच्या नसा वाळल्या होत्या. नजर गेली.

मी भेटायला गेले. वॉर्डच्या दारात संजय आडवा उभा राहिला. "आता काय बघायला आलात?"

"कविताला भेटायचंय," मी म्हणाले. आतून तिनं माझा आवाज ओळखला. "येऊ द्या त्यांना."

तिच्या उशाशी बसले. तीच म्हणाली, "तुमचं एक बी खोटं न्हवतं, ताई. पण ऑपरेशन न्हाई केलं तर काय होतंय, ते तुम्ही सांगितलंच न्हाई."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

दोन महिने मी गटात गेले नाही. मॅडम घरी आल्या. तुमची काही चूक नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. "कविता बोलली ते येऊन सगळ्यांना सांगा," एवढंच म्हणाल्या. मी गेले आणि सांगितलं. कुणी मला धीर दिला नाही, कुणी दोषही दिला नाही. शिंपीणबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

तुमच्यापैकी कुणाला डॉक्टर 'साधी गाठ' म्हणाले, तर घाबरा. घाबरण्यासारखंच आहे ते. काय काय जाईल, ते विचारा. आणि नाही काढली तर काय जाईल, तेही त्याच वेळी विचारा. पण दिलेली तारीख चुकवू नका.

मागच्या महिन्यात नांदेडला रेणापूरचे एक मास्तर आले. रिपोर्ट नवाच होता, बायको जवळ बसली होती. मी माझं सांगायला सुरुवात केली तेवढ्यात दार वाजलं. संजय कविताला दंडाला धरून आत घेऊन आला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. खुर्ची चाचपून ती बसली आणि माझं बोलणं संपेपर्यंत थांबली.

मग मास्तरांच्या आवाजाच्या दिशेनं तिनं तोंड वळवलं.

"ताईंचं ऐकलंत ना," ती म्हणाली. "आता माझं ऐका."