धसका उतरवणारी सोइला

कान्यारच्या डोंगरात सोइला किझ्पीला ओळखत नाही असा माणूस मिळणं कठीण. चाळीस वर्षं बाईने सुईणपण केलं, पण खरं नाव कमावलं ते धसका उतरवण्यात. तान्हं मूल झोपेत किंचाळतं, दूध ओढत नाही, हिरवी शी करतं, म्हणजे त्याने धसका घेतलाय आणि त्याचा जीव वाटेत कुठेतरी राहून गेलाय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मग सोइलाकडे जायचं. ती मूल पाल्याने झाडायची, उसाच्या दारूचा घोट तोंडात धरायची आणि मूल बेसावध असताना त्याच्या तोंडावर असा फवारा मारायची की ते दचकून भोकाड पसरायचं. "आला बघ जीव जाग्यावर," ती म्हणायची. बहुतेक मुलं बरी व्हायची, हे कबूल करायलाच हवं. आणि डॉक्टरांना नावं ठेवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "त्यांना पगार कशाचा? हात धुण्याचा," असं ती सरकारी दवाखान्याच्या दारात उभी राहून म्हणायची.

अशा बाईच्या घरातच पाळणा टिकेना. मुलगा रिगोबेर्तो किनाऱ्यावर केळीच्या बागेत कामाला, दोन-तीन महिन्यांनी घरी यायचा. सून नूबे सासूजवळ. तिचं पहिलं बाळ एकोणीस दिवसांचं होऊन झोपेतच गेलं. दुसरी मुलगी. महिन्याची झाली, फार किरकिर करायची, म्हणून सोइलाने तिचा धसका उतरवायला घेतला. फवारा मारला. पोरीने एकदाच आ केला आणि रडली नाही. अंग लुळं पडलं ते पडलंच. "धसका फार खोल गेला होता, मला उशिरा सांगितलंत," सोइला म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या, नूबेनेही.

तिसऱ्या वेळी पोटातल्या बाळाचे ठोके फारच हळू पडतायत म्हणून दवाखान्याने नूबेला सरळ कुएंका शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. सोइला कुरकुरत मागोमाग गेली. मुलगा झाला. त्याच्या एवढ्याशा छातीवर वायरी चिकटवल्या आणि डॉक्टर ग्रासिएलाने कागदाची लांब पट्टी दोघींसमोर धरली.

"हे बघा, ठोका पडला की हृदयाला पुढच्यासाठी तयार व्हायला थोडा वेळ लागतो. ह्याच्या हृदयाला जास्तच लागतो. त्या मधल्या वेळात धक्का बसला तर ठोके भरकटतात. हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही. नूबे, तू कधी बेशुद्ध पडली होतीस?"

"लहानपणी दोनदा. एकदा देवळाची घंटा अगदी कानाशी वाजली तेव्हा."

मग नूबेचाही आलेख काढला. तोही तसाच निघाला. "तुझ्याकडून आलंय," डॉक्टरीण म्हणाली, "पण त्यात तुझा दोष नाही. डोळ्यांचा रंग येतो तसं आलंय. आधीची बाळं कशी गेली?"

"पहिलं झोपेत," नूबे म्हणाली. मग तिने एकदा सासूकडे बघितलं. "दुसरंही तसंच. अचानक."

"मग आता नीट ऐका. औषधाचा एकही डोस चुकवायचा नाही. आणि ह्याला दचकवायचं नाही. मोठा आवाज नको, तोंडावर गार पाण्याचा शिपका नको. तेवढ्यानेही जीव जाऊ शकतो."

बसायला खुर्ची होती, पण सोइलाला ती दिसलीच नाही, ती भिंत धरून खाली बसली. डॉक्टरिणीला वाटलं म्हातारीला शहर सोसत नाही. मग बाळाचे ठोके बंद पडलेच तर म्हणून डॉक्टरिणीने रबरी बाहुलीच्या छातीवर दोन बोटांनी कसं दाबायचं ते शिकवलं, तेव्हा ह्या बाईने, जिने उभ्या जन्मात डॉक्टरांचं एक अक्षर ऐकलं नव्हतं, ते अकरा वेळा करून दाखवलं.

घरी आल्यावर तिचं खाणं तुटलं. उकडलेल्या मक्याचं ताट समोर तसंच राहायचं. झाकण पडलं, कुत्रं भुंकलं, की आधी तिचीच छाती धडधडायची. कोणी मूल घेऊन आलं तर "माझं आता होत नाही" म्हणून दारातूनच परत पाठवायची. गावात कुजबुज सुरू झाली की म्हातारी शहरात जाऊन बाटली. आपण किती मुलांवर फुंकलं, त्यातली किती गेली, हे ती मनात मोजायला लागायची आणि मध्येच थांबायची. पुढे जायची तिची छाती नव्हती.

बाळ लिसांद्रो सात आठवड्यांचा झाला. गावच्या संताचा उत्सव आला. यंदाचा यजमान शेजारचा अबेलिनो. सोइलाने त्याचे पाय धरले होते, "शोभेच्या दारूचे बाण माझ्या घराकडे सोडू नकोस बाबा." तो बरं म्हणाला, आणि सकाळी त्याच्या पाहुण्यांनी अंगणातच बाण पेटवला. आवाजाने कौलं हादरली. नूबेच्या मांडीवरचं पोर ताठ झालं, मग निळं पडलं, मग लुळं.

शेजारणी धावत आल्या. "आजी, फुंका. फुंका लवकर," म्हणत एकीने दारूची बाटली तिच्या हातात कोंबली. चाळीस वर्षांची सवय, हात बाटलीसकट तोंडाकडे गेलाच. मग तिने ती भुईवर टाकली, पोर चौरंगावर निजवलं आणि छातीच्या मधोमध दोन बोटं ठेवून भराभर दाबायला लागली. "मारते की काय पोराला," कोणीतरी ओरडलं. ती मोठ्याने आकडे मोजत होती. तीस झाले की तोंडाला तोंड लावून दोन हलके श्वास. पुन्हा तीस. तिसऱ्या खेपेला पोर कण्हलं आणि बारीक आवाजात रडलं.

पाहुण्यांच्याच गाडीतून कुएंका गाठलं. पोर वजनाने वाढलं होतं, औषध मात्र जन्मावेळचंच चालू होतं. डॉक्टरिणीने ते वाढवलं. पुन्हा असं झालं तर छातीत ठोके सांभाळणारं छोटं यंत्र बसवावं लागेल म्हणाली. सहा दिवसांनी दोघी बाळाला घेऊन घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोइलाने सुनेला समोर बसवलं.

"नूबे, तुझी मुलगी धसक्याने नाही गेली. माझ्या फुंकण्याने गेली. मी मारलं तिला."

नूबे बाळाचं दुपटं घडी करत होती. ती थांबली नाही. "मला ठाऊक आहे, आई. डॉक्टर बोलली तेव्हा मीही तिथेच होते की."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तेव्हापासून मी ह्याला तुमच्याजवळ एकटं सोडलं नाही. आडोशाला गेले तरी पाठीला बांधून गेले. तुमच्या लक्षात नाही आलं?"

नव्हतं आलं. सोइलाला वाटलं होतं, सून बाणांना घाबरते, कुत्र्यांना घाबरते.

नूबेने दुपटं बाजूला ठेवलं. मग उठली, बाळाला सासूच्या मांडीवर दिलं आणि कोपऱ्यातला विळा घेतला. "गाईला चारा नाहीये. वरच्या रानात जाऊन येते, तासभर लागेल."

"नूबे, थांब. मला नाही जमायचं. पाठीला बांधून ने त्याला."

"त्याचं औषध दहाला आहे," नूबे म्हणाली आणि गेली.

सोइला मांडी न हलवता बसली. पोर तिच्याकडे टक लावून बघत होतं. इतकी भीती तिला जन्मात कधी वाटली नव्हती.