घंटेपेक्षा बुटकं वाचनालय

सरोजअक्कांना कुणी कौतुकानं नवं घर दाखवायला नेलं, की त्या आधी दुपारच्या उन्हात तापलेल्या भिंतीवर तळवा टेकवायच्या आणि म्हणायच्या, ‘‘ह्याला ताप आहे की हो!’’ यजमानाचा चेहरा उतरे. पण भिडेखातर खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. मुंबईला वास्तुकला शिकून आलेल्या ह्या बाई सत्तरच्या दशकात धारवाडात घरांचे नकाशे काढत.

आमच्या मराठी मंडळाला जुन्या दगडी शाळेशेजारी वाचनालय बांधायचं होतं. मी चिटणीस. अध्यक्ष वकीलसाहेब त्याच शाळेत शिकलेले, पण त्यांना हवी होती दुमजली सिमेंटची इमारत. अक्कांनी काढली बैठी, जाड दगडी भिंतींची, उत्तरेला मोठ्या खिडक्या असलेली आणि कौलांवरचं पाणी शाळेच्या विहिरीत सोडणारी.

‘‘अक्का, गोठा बांधताय काय?’’ वकीलसाहेब कडाडले.

‘‘दिवसा दिवा लावावा लागला, तर ते वाचनालय कसलं?’’

मतं मात्र वकीलसाहेबांच्या बाजूनं होती. अक्कांनी निर्णयाला थोडी मुदत तेवढी मागून घेतली.

पुढच्या रविवारी त्यांनी हुबळीच्या कमरीपेठेतून मांडववाला आणला. दुमजली इमारत जिथं येणार होती, तिथं तेवढ्याच उंचीचे बांबू रोवून लाल कनाती बांधल्या. रस्त्यावर ही गर्दी! एक आजोबा तर ठेवणीतलं धोतर नेसून अक्षता टाकायलाच आले.

‘‘यार मदवी री? लग्न कुणाचं?’’

‘‘वकीलसाहेबांच्या इमारतीचं,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘शाळेला तेवढं आमंत्रण नाही.’’

वकीलसाहेब तणतणत आले. सवयीनं मान वर करून शाळेच्या घंटेकडे पाहायला गेले, तर समोर नुसतं कापड. लहानपणी त्याच घंटेच्या ठोक्याला ते धावत सुटायचे. त्यांनी कनात हातानं बाजूला सारून पाहिली. मग मांडववाल्याला म्हणाले, ‘‘काढ रे ते सगळं.’’ आणि बैठकीत अक्कांचा नकाशा त्यांनी स्वतःच मांडला.

उद्घाटन ऐन वैशाखात झालं. भाषणं आटोपून लोक पुस्तकं चाळत बसले होते, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, ‘‘करंट होग्याद री!’’ गावातली वीज गेली होती. आत एकही मान वर झाली नाही. खिडक्यांतून स्वच्छ उजेड पानांवर पडला होता, भिंती गार होत्या. अभिमानानं माझा ऊर भरून आला.

वकीलसाहेबांना राहवेना. कोर्टातल्या आवाजात ते गरजले, ‘‘अक्का, गेद्रि! जिंकलात तुम्ही!’’

अक्कांचे डोळे डबडबले होते. तरी त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

‘‘हळू बोला, वकीलसाहेब. लोक वाचताहेत.’’