हुस्नाबानोचा पुठ्ठ्यावरचा खेळ

रिसोडात निजामुद्दीनचाचांचं बाइंडिंगचं दुकान होतं. त्यांची हुस्नाबानो १९७४ साली मराठी शाळेत सातवीला होती. दुकानातल्या उरल्यासुरल्या पुठ्ठ्यावर तिनं आठ दिवस खपून एक खेळ बनवला. साठ घरं, रिसोड ते वाशीम एस.टी.चा रस्ता. फोडलेले चिंचोके फेकायचे, पांढरे पडतील तितकी घरं गाडी पुढं न्यायची. मध्ये कुठं घंटी वाजली की दोन घरं पुढं, कुठं टायर पंक्चर झालं की तीन डाव गप्प बसायचं.

शनिवारी रामधन गुरुजींनी तो वर्गात मांडायला लावला आणि खेळून झाल्यावर प्रत्येकानं मनातलं सांगावं, असं म्हणाले. झाडून सगळे छान छान म्हणाले. पंचफुला मात्र लागोपाठ तीनदा खेळली होती.

"खेळ चांगला हाये," ती म्हणाली, "पन जो पह्यले पुढं गेला थोच जितते. मांगच्यानं कायले खेळाव?"

हुस्नाचा चेहरा पडला. त्यात मानोऱ्याकडच्या तांड्यावरून मामाकडे शिकायला आलेला धरमसिंग बोलला, "गाडी पंक्चर झाली तं आमी बसून नाही राह्यत. मांगून येनाऱ्या गाडीत बसतो."

ती पुठ्ठा काखेत मारून तडक घरी आली आणि जेवलीही नाही. संध्याकाळी अब्बांना घेऊन चार डाव खेळली. चारही वेळा पहिला पुढं गेलेलाच जिंकला. राग कुठल्या कुठं गेला. खरंच तर सांगत होते दोघं.

मग तिनं नियम बदलला. पंक्चर झालेल्याला मागून येणारा आपल्या गाडीत घेईल, आणि घेणाऱ्याला एक डाव जास्तीचा मिळेल. पुढच्या शनिवारी पोरं घंटा झाली तरी उठेनात. सगळ्यांच्या मागं राहिलेली वर्गातली लिलाबाई त्या दिवशी पहिली वाशीमला पोचली.

पाच वर्षांनी हुस्नाबानो अनसिंगजवळच्या एका शाळेत मास्तरीण झाली. पहिल्याच आठवड्यात तिनं अकोल्याला नर्सिंग शिकणाऱ्या पंचफुलाला कार्ड टाकलं : 'पोरं मी शिकवलेलं समजलं म्हणतात. मी विचारते, कुठं अडलं ते सांगा. हे विचारायला मी तुझ्याकडून शिकले. त्या दिवशी तुझे आभार मानायचे राहून गेले, ते आज मानते.'