गव्हाणीतली राखलेली जागा

चूक माझी होती, पप्पांची नव्हती. एवढं साधं वाक्य मी इतकी वर्षं कुणापाशी बोललो नव्हतो. सुमतीपाशीही नाही, आणि ती माझी बायको आहे. तुम्हाला सांगायला बसलोच आहे, तर आडपडदा ठेवत नाही.

आई गेल्यावर पप्पा नगरहून आमच्याकडे कलकत्त्याजवळ बेहालाला राहायला आले. मी लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात, पुढे नोकरीसाठी कलकत्त्यात — त्यांचा खरा सहवास मला मिळाला तो चाळिशी उलटल्यावर. त्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो. त्या पहिल्या नाताळासाठी त्यांनी ख्रिस्तजन्माचं चित्र रंगवायला घेतलं. रविवारी उपासनेहून आलो की जेवणाच्या टेबलावर कागद ताणून बसवायचे, ब्रश भिजवण्याआधी डोळे मिटून दोन शब्द बोलायचे, आणि मग आम्हालाही कामाला लावायचे. मी गोठ्याचं छप्पर आखलं. सुमतीने मरियेच्या लुगड्याचे काठ भरले — त्यांची मरिया नगरकडच्या बायकांसारखी सावळी, नऊवारी नेसलेली. एका वाटीतल्या पाण्यात तिघांचे ब्रश. घरात असं बसतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

नाताळच्या संध्याकाळी मराठी ख्रिस्ती कुटुंबं प्रार्थनेला आमच्याकडे जमणार होती. माझे ऑफिसातले वरिष्ठ घोषबाबूही यायचे होते. चित्र बैठकीत मांडलं, आणि मी पाहिलं — गव्हाणीतलं बाळ कोरंच. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता पांढरा कागद. पप्पांना मोतीबिंदू होता. मला वाटलं, राहून गेलं. कुमारटुलीतल्या मूर्तिकारांना दुर्गेचे डोळे अगदी शेवटी रंगवताना मी दर वर्षी पाहत आलेलो, तसंच हेही शेवटचं काम असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं काय होतं? मला लाज वाटत होती. म्हाताऱ्याला दिसत नाही आणि हे लोक चित्र मिरवतात, असं घोषबाबूंच्या मनात यायला नको होतं.

पप्पा आंघोळीला गेले होते. मी ब्रश घेतला आणि त्या जागी गुलाबी, गुबगुबीत चेहरा भरला, कॅलेंडरवर असतो तसा.

ते आले, चष्मा लावून कागदाला नाक टेकवलं. “हे कुणाचं लेकरू? आई सावळी आणि पोर गोऱ्या साहेबाचं?” सुमतीला हसू आवरेना. पण त्यांचा चेहरा उतरत गेला. “जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत रे, कागद राखतात. ती जागा मी त्याच्या उजेडासाठी मुद्दाम कोरी राखली होती. मग हे... मीच केलं?”

तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हणालो, “हो पप्पा. काल तुम्हीच रंगवलंत. विसरलात?”

त्यांनी विश्वास ठेवला. मुलगा कशाला खोटं बोलेल? ओल्या बोळ्याने रंग उचलायला गेले, तर कागदाला लव सुटली. मग ब्रश पुसून सुमतीच्या हातात दिले — “तुझ्याकडे ठेव, पोरी.”

पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर चांगली आली. ब्रश नाही घेतला. “डोळे झाले नीट, डोक्याचं काय?” असं हसून म्हणायचे. कौटुंबिक प्रार्थना चालवणंही सोडलं, मध्येच शब्द हरवतील म्हणून. गोळी घेतली का, दार लावलं का, मला विचारायचे. आणि जेवणाआधी, न चुकता — मुलगा मला सांभाळून घेतो, प्रभू, तुझे उपकार. मी मान खाली घालून आमेन म्हणायचो. किती वेळा म्हणालो असेन?

गेल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा प्याला. परतताना ट्राममध्ये त्यांनी हळूच विचारलं, “मी आज प्याला घेतला ना रे?” माझ्या शेजारीच गुडघे टेकून त्यांनी तो घेतला होता. तेवढ्यात आमचा थांबा आला. आम्ही उतरलो. ते माझ्या हाताला धरून फुटपाथवर उभे होते. ते माझ्यासमोर होते, ऐकू शकत होते, एवढी कृपा माझ्यावर अजून होती.

मी म्हणालो, “घेतलात, पप्पा. तुम्हाला सगळं आठवतं. तो चेहरा तुम्ही रंगवला नव्हता, मी रंगवला होता. मी खोटं बोललो, आणि तुम्ही स्वतःला सोडून माझ्यावर विश्वास ठेवलात. माझं चुकलं.”