कापसाची खोली

नागपूरच्या एका कॉलेजातल्या मॅडम आमच्या घरी येणार, असा फोन आला. ऑटिझम असलेल्यांच्या घरच्यांना कोणती मदत मिळते आणि कोणती मिळायला हवी, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. आमची लेक एकोणीस वर्षांची. बोलते थोडं, ऐकू येतं तिला फार. मिक्सर, भोंगा, लग्नाचा डीजे, काहीच सोसत नाही.

आता संशोधनाला कसली तयारी लागते? पण घरात वयात आलेली मुलगी आणि शहरातून पाहुणी येणार, म्हटल्यावर माझ्या नणंदेचे हात आपोआप पोह्यांकडे वळले. सतरंजी अंथरली. लेकीला नवा ड्रेस, चापून तेल, आणि खुर्चीत बसवलं. शेजारच्या चौघी दारात हजर. मला हसूही येत होतं आणि रागही. नवऱ्याने मला आत बोलावलं आणि हळूच म्हणाला, "कापसाचं नको सांगजो त्याईले. हासतीन लोकं."

कापसाचं म्हणजे असं. आमचं शेत दिग्रसजवळ. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत मागच्या खोलीत ठेवतो, छताला टेकेपर्यंत. त्या खोलीत बाहेरचा आवाज पोचत नाही. हे लेकीनेच शोधून काढलं. कापूस घरात आहे तोवर ती त्यात बसते, शांत असते, आणि तिच्यामुळे आम्हीही. अंगाला खाज सुटते, पण तिची तक्रार नाही. माल गेला की मात्र नेमकी लग्नसराई लागते आणि घरात रडारड. यंदा व्यापाऱ्याची गाडी दुसऱ्याच दिवशी येणार होती.

मॅडम आल्या. शेजारणी एका सुरात "या, या" म्हणाल्या, आणि लेक खुर्चीतून उठून जी पळाली! नवऱ्याचं तोंड उतरलं.

"कुठे गेली?" मॅडमनी विचारलं.

"चला, दाखवते," मी म्हटलं. नवऱ्याने डोळे वटारले. वटारू देत.

मागच्या खोलीच्या दाराशी मॅडमनी चपला काढल्या आणि सरळ कापसात बसल्या. लेकीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सरकी चाचपत राहिली. मॅडमही तिच्यासारखीच सरकी चाचपू लागल्या. मला त्या तिथेच आवडल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी हळू आवाजात विचारलं, "ताई, तुम्हाला सगळ्यात जास्त काय हवंय?"

जवळचं केंद्र, शिकवणारं माणूस, सगळं पाठ करून ठेवलं होतं मी. नागपूरच्या एसटीत लेकीचे कान दाबून किती वेळा बसायचं? तेही सांगितलं, पण नंतर. आधी तोंडातून निघालं ते, "ही खोली, बारा महिने."

मॅडमनी दोन्ही लिहून घेतलं. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. पोहे मॅडमनी कापसातच बसून खाल्ले, आणि केसांना चिकटलेला कापूस तसाच घेऊन गाडीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याची गाडी आली. हमाल खोली उपसू लागले. मी लेकीला घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. आतल्या कोपऱ्यात छतापर्यंतचा एक ढीग उरला, तेव्हा नवऱ्याने हात आडवा धरला.

"भाऊ, एवढा राह्यला ना," हमाल म्हणाला.

शेजारपाजारचे सगळे अंगणात उभे होते. नवरा त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "राहू दे. तो इकाचा नाही. माह्या पोरीले लागते."